सण पाहणारा मास्तर : लाफकादिओ हर्नचे मात्सुए

पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मला लाफकादिओ हर्नचे 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' मिळाले. दोन्ही खंड एकत्र बांधलेली, जपानातच छापलेली साधी आवृत्ती होती. विक्रेत्याने साठ रुपये सांगितले, चाळिसाला दिले. शाळेत शिकलो ते इंग्रजी जेमतेम. पुढचे सारे शब्दकोश उशाशी ठेवून. त्यामुळे ते पुस्तक संपवायला मला दोन पावसाळे लागले. त्या वाचनात मनात ठसले ते 'बोन-ओदोरी' हे प्रकरण : चांदण्यात, देवळाच्या अंगणात, पितरांसाठी नाचणाऱ्या बाया. कुणी हर्नविषयी विचारले की मी तेच वाचून दाखवत असे.

पुढे माझी भाची पश्चिम जपानातल्या एका शहरात शाळेत इंग्रजी शिकवायला गेली. पहिल्या उन्हाळ्यात तिने तिथल्या उत्सवाचे इतके फोटो पाठवले की माझ्या फोनची जागा संपली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकही आला नाही. मी विचारले, "यंदा उत्सव झाला नाही का गं?" ती म्हणाली, "झाला की, मामा. पण वर्गातल्या एका मुलीच्या आजीनं माझ्या हातात कागदी कंदील दिला होता. दोन्ही हात अडकलेले. फोटो कधी काढणार?"

या उत्तरानंतर मी हर्नचे पुस्तक पुन्हा काढले आणि या वेळी ते तारखा लावून वाचले. पुस्तकातल्या कोणत्या प्रकरणाच्या वेळी तो नुसता प्रवासी होता आणि कोणत्या वेळी शाळेत नोकरीला होता, एवढेच वहीत टिपत गेलो. तेव्हा मला माझे जुने मत बदलावे लागले. हर्नची ख्याती 'बोन-ओदोरी'सारख्या पानांवर उभी आहे. पण सणांविषयी त्याने लिहिलेले सर्वांत खरे लेखन त्या पानांत नाही. ते आहे त्याच्या मास्तरकीच्या नोंदींत. आणि त्याची सर्वांत मोठी चूकही तिथेच आहे. दोन्हींचे मूळ एकच आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

वाटसरूची पौर्णिमा

हर्नचा जन्म १८५० सालचा, लेफ्कादा या आयोनियन बेटावरचा. आई ग्रीक, वडील ब्रिटिश लष्करातले आयरिश डॉक्टर. आईवडिलांचे छत्र लवकरच सुटले. डब्लिनमध्ये आजीच्या वयाच्या एका नातलग बाईने त्याला वाढवले. शाळेत खेळताना झालेल्या अपघातात डावा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षी तो अमेरिकेत सिनसिनाटीला पोचला आणि बातमीदार झाला. तिथे मॅटी फोली या मिश्रवंशीय स्त्रीशी त्याने कायद्याविरुद्ध लग्न केले आणि त्यापायी वृत्तपत्रातली नोकरी गमावली. पुढची दहा वर्षे न्यू ऑर्लिन्समध्ये आणि त्यानंतरची दोन मार्तिनिक बेटावर गेली.

या काळात उत्सवांवर लिहिणे हा त्याच्या उपजीविकेचा भाग होता. न्यू ऑर्लिन्सच्या मार्दी ग्राविषयी त्याने लिहिले. मार्तिनिकच्या सेंट पिअर शहरातल्या कार्निव्हलवर त्याचा 'ला व्हेरेत' नावाचा लेख आहे. शहरात देवीची साथ आहे, घरोघर माणसे मरत आहेत आणि रस्त्यावर मुखवट्यांची मिरवणूक चालली आहे. इतके धारदार वर्णन करणारा माणूस १८९० च्या एप्रिलमध्ये योकोहामाला उतरला तो अमेरिकन मासिकाचे काम घेऊनच. ते काम त्याने लवकरच रागाच्या भरात सोडले. हातात पैसे नव्हते. टोकियोतला विद्वान प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन याच्या मदतीने त्याला पश्चिम किनाऱ्याकडच्या मात्सुए गावी इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार दरमहा शंभर येन.

त्या वर्षी हर्नला 'बोन' दोनदा भेटला. त्याचे कारण पंचांगात आहे. जपानने १८७३ पासून युरोपीय दिनदर्शिका स्वीकारली. टोकियो-योकोहामा भागात सणही नव्या तारखांवर सरकले आणि बोन जुलैच्या मध्यावर आला. खेड्यांनी मात्र जुन्या चांद्र पंचांगातली सातव्या महिन्याची पौर्णिमा सोडली नाही. म्हणून जुलैमध्ये हर्नने बोनचा बाजार पाहिला आणि ऑगस्टअखेर, मात्सुएच्या वाटेवर, बोनचा नाच.

मराठी वाचकाला बोन समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. त्याचे मूळ 'उल्लंबन' सूत्राशी जोडले जाते. बुद्धाचा शिष्य महामौद्गल्यायन, ज्याला जपानी लोक मोकुरेन म्हणतात, त्याला आपली मेलेली आई प्रेतयोनीत भुकेने तळमळताना दिसते. वर्षावास संपताना भिक्षूंना अन्नदान केल्यावर ती सुटते. म्हणजे आपल्या पितृपक्षाचा हा दूरचा भाऊबंद. पितर घरी येतात, त्यांना पान वाढले जाते, दिवे लावून त्यांना वाट दाखवली जाते. फरक एकच. आपण कावळ्याची वाट पाहतो; ते पितरांसाठी नाचतात.

'अॅट द मार्केट ऑफ द डेड' या प्रकरणात हर्न अकिरा नावाच्या तरुण विद्यार्थ्याबरोबर तो बाजार हिंडतो. कमळाची पाने, सोललेल्या काड्या, गवती चटया, कागदी कंदील. प्रत्येक वस्तू कशासाठी, हे अकिरा सांगतो आणि हर्न लिहून घेतो. बातमीदाराचे काम तो चोख करतो. 'बोन-ओदोरी'त सांगणारा कुणी उरत नाही. डोंगर ओलांडून चार दिवस माणसांनी ओढायच्या गाडीने चाललेला प्रवासी कामीइची नावाच्या खेड्यात मुक्कामाला थांबतो. रात्री ढोल ऐकू येतो. देवळाच्या अंगणात बाया रिंगण धरतात. पाऊल सरकते, हात हलतो, टाळी पडते. हर्नला जुन्या ग्रीक किंवा इत्रुस्कन भांड्यांवरच्या आकृती आठवतात. त्याला वाटते, हे सगळे काळाच्या बाहेरचे आहे.

मग मध्यरात्रीची घंटा होते. नाच थांबतो. बाया एकमेकींना हसून निरोप देतात, लाकडी वहाणा वाजवत घरी निघतात. आणि हर्न खट्टू होतो. चांदण्यातल्या आकृतींच्या जागी आता त्याला साध्या शेतकऱ्याच्या मुली दिसतात.

पहिल्या वाचनात हे खट्टू होणे मला काव्यमय वाटले होते. आता ते पान वाचताना मी थबकतो. त्या मुली तर आधीपासून शेतकऱ्याच्याच मुली होत्या. दिवसभर राबून, नटून, आपल्या मेलेल्या माणसांसाठी आल्या होत्या. तिथे कोणाची आई नुकती गेली असेल, कोणाचे मूल. त्यांच्या दृष्टीने नाच संपला म्हणून काही बिघडले नव्हते. पितरांची रात्र पार पडली होती. बिघडले ते फक्त पाहणाऱ्याचे, कारण त्याला त्यांपैकी एकीचेही नाव ठाऊक नव्हते. प्रकरणाच्या शेवटी हर्न विचारतो की हा अनोळखी नाच मनाला इतका का भिडला, आणि उत्तर देतो की भावना एका देशाच्या, एका काळाच्या नसतात. उत्तर सुंदर आहे. पण ज्याला तिथले कुणीच ओळखीचे नाही, त्याला 'मानवजाती'चा आधार घ्यावाच लागतो.

हजेरीपटावरची नावे

३० ऑगस्ट १८९० रोजी हर्न मात्सुएला पोचला. 'फ्रॉम द डायरी ऑफ अॅन इंग्लिश टीचर' या प्रकरणाची पहिली नोंद २ सप्टेंबरची आहे. म्हणजे नाचाच्या त्या रात्रीला आठवडाही उलटला नसेल. तरी लेखणी वेगळी वाटते. वाक्ये आखूड होतात. उपमा कमी होतात. आणि नावे येऊ लागतात : निशिदा, ओतानी, इशिहारा, शिदा, योकोगी.

निशिदा सेन्तारो हा शाळेतला ज्येष्ठ शिक्षक, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. इंग्रजी उत्तम, प्रकृती नाजूक. मात्सुएच्या सणवारांत हर्नला वाट मिळाली ती प्रथम त्याच्यामुळे. कित्सुकीच्या प्राचीन देवस्थानात, म्हणजे आजच्या इझुमो ताइशात, हर्नला आत प्रवेश मिळाला तो निशिदाच्या ओळखपत्रामुळेच. त्याआधी कोणा युरोपियनाला तिथवर जाऊ दिले नव्हते, असे हर्न लिहितो. परक्या गावात मास्तराला जो मान मिळतो तो पहिल्यांदा सहकाऱ्याच्या भिडेतून मिळतो, हे नोकरीनिमित्त बदली होऊन नव्या गावी गेलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला पटेल.

काही अभ्यासक म्हणतील की हर्नला जपानी घर उघडले ते पत्नी कोइझुमी सेत्सुमुळे. सामुराई घराण्यातली ही स्त्री १८९१ च्या सुरुवातीस त्याच्या आयुष्यात आली. त्याच्या पुढच्या कथासंग्रहांच्या, विशेषतः १९०४ च्या 'क्वायदान'च्या बाबतीत हे पूर्ण खरे आहे. सेत्सुने सांगितलेल्या गोष्टी नसत्या तर ते पुस्तक झालेच नसते. पण मात्सुएतली पहिली शरद ऋतूची पाने सेत्सुच्या आधीची आहेत. तिथे त्याच्या हाताशी मुलेच होती. ती सुटीच्या दिवशी त्याच्या घरी येत, फुले आणत, घरातली जुनी चित्रे दाखवायला घेऊन येत आणि त्यांचा अर्थ सांगत. शाळेत तो त्यांना इंग्रजी शिकवी. घरी ती त्याला गाव शिकवीत.

ऑक्टोबरात किल्ल्याच्या मैदानावर प्रांतातल्या शाळांचे क्रीडासंमेलन भरले. उंदोकाई म्हणतात त्याला. हा काही पुरातन सण नव्हे. नव्या शाळांबरोबर आलेला नवा प्रकार. प्रवासी हर्नने तिकडे कदाचित ढुंकूनही पाहिले नसते. त्यात ना देव, ना चांदणे. मास्तर हर्न मात्र धावण्याच्या शर्यती, बाकांवर बसलेली हजारो मुले, टाळ्या, शेवटचे गाणे हे सारे मनापासून लिहितो. कोण पहिला येतो याची त्याला उत्सुकता आहे, कारण धावणारा त्याच्या वर्गातला आहे.

वर्षअखेरीचे आणि सेत्सुबुनचे वर्णन 'टू स्ट्रेंज फेस्टिव्हल्स' या प्रकरणात आहे. सुरुवातीलाच हर्न कबूल करतो की जपानी सणाची बाहेरून दिसणारी चिन्हे परक्याला कोड्यासारखी असतात. दारावर टांगलेला गवताचा दोर, पाइन आणि बांबूच्या फांद्या, नारिंगे. नंतर भुते हाकलण्याची रात्र : भाजलेले दाणे फेकत 'भुते बाहेर, भाग्य आत' असा घोष. येथे तो ग्रीक भांड्यांकडे धावत नाही. एकेक वस्तू घेऊन तिच्यामागचा शब्दखेळ, समजूत, घरोघरची पद्धत सांगतो. गुढीला कडुनिंब का, बत्तासे का, हे एखाद्या समजूतदार शेजाऱ्याने विचारावे आणि आपण दारात उभे राहून सांगावे, तशी ही पाने आहेत. ज्याला दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे असते तो चुकीचे लिहायला घाबरतो. मुले विचारतील, "सर, काल काय पाहिलंत?"

मुलांच्या निबंधांविषयीची त्याची एक नोंद मला फार मोलाची वाटते. चंद्र किंवा फूल असा विषय दिला की सगळ्या मुलांच्या निबंधांत तेच विचार, त्याच उपमा येतात. पाश्चात्त्य शिक्षकाने यावर 'पाठांतर' असा शेरा मारून गुण कापले असते. हर्न तसे करत नाही. त्याच्या मते या मुलांची कल्पनाशक्ती पूर्वजांनीच घडवून ठेवली आहे. चंद्राविषयी काय वाटायचे हे त्यांना लहानपणापासून मिळालेले आहे. आपल्या ओवीची, आरतीची परंपरा ज्याने ऐकली आहे त्याला यात नवल नाही. पण कामीइचीच्या नाचात हर्नला हेच कळले नव्हते. तिथे त्याने बायांच्या सारख्या हालचालींत गूढ पाहिले. वर्गात त्याला समजले की सारखेपणा म्हणजे गूढ नव्हे, ते शिकलेले आणि पुन्हा शिकवलेले असते. हे समजायला पस्तीस वह्या तपासाव्या लागतात.

तीन नोव्हेंबर

येथवर मी हर्नच्या मास्तरकीची बाजू मांडली. आता दुसरी बाजू.

३ नोव्हेंबर हा तेव्हाच्या सम्राटाचा, मेइजीचा, वाढदिवस, तेंचोसेत्सु. नाव जुने असले तरी सोहळा १८६८ मध्ये नव्याने सुरू केलेला. शाळाशाळांतून सम्राटाची छायाचित्रे पाठवण्यास सुरुवात झाली होती. ३० ऑक्टोबर १८९० रोजी, म्हणजे त्या वाढदिवसाच्या चारच दिवस आधी, शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली. पुढे अर्धशतकभर जपानी शाळांत तिचे समारंभपूर्वक वाचन होत राहिले आणि १९४८ मध्ये जपानी संसदेने ठराव करून ती रद्दबातल ठरवली.

हर्नच्या डायरीत हा शाळेतला वाढदिवस इतर सणांच्या रांगेत येऊन बसतो. तोच आदर, तोच हळुवार स्वर. एक विद्यार्थी त्याला विचारतो की सम्राटाच्या चित्राला आम्ही वाकतो म्हणून पूर्वीच्या एका परदेशी शिक्षकाने आम्हाला रानटी म्हटले. तुम्हाला काय वाटते? हर्न संतापतो तो त्या शिक्षकावर. मुलाला तो सांगतो की सम्राटाचा मान राखणे, त्याचे कायदे पाळणे आणि देशासाठी मागितले तर रक्त देणे हे तुझे श्रेष्ठ कर्तव्य आहे.

पहिल्या वाचनात मला हे उत्तर आवडले होते. गोऱ्या मास्तराने पौर्वात्य मुलाचा अपमान होऊ दिला नाही, याचा आनंद झाला होता. तो आनंद आजही पूर्ण गेलेला नाही. पण त्याच हिवाळ्यात, जानेवारी १८९१ मध्ये, टोकियोतल्या एका सरकारी विद्यालयात उचिमुरा कान्झो नावाचा ख्रिस्ती जपानी शिक्षक त्या राजाज्ञेसमोर पुरेसा वाकला नाही. देशभर गदारोळ झाला, त्याची नोकरी गेली. हर्नइतकीच त्याचीही मुलांवर माया असेल. गाव, भाषा, देश तर त्याचाच होता. त्याला मात्र तो समारंभ डोळे भरून पाहण्यासारखा वाटला नाही, कारण न वाकण्याची किंमत त्याला भरायची होती.

परक्या गावाचे सण उपभोगणाऱ्याची ही खरी अडचण आहे. कोणता सण लोकांनी धरून ठेवलेला आहे आणि कोणता वरून घालून दिलेला, हे त्याला चटकन ओळखता येत नाही. मेइजी राजवटीच्या सुरुवातीच्या वर्षांत अनेक प्रांतांनी बोनच्या नाचावर असभ्य म्हणून बंदी घातली होती. म्हणजे ज्या सरकारने खेड्यातला नाच बंद करायचा प्रयत्न केला, त्याच सरकारने शाळेतला वाढदिवस सुरू केला. हर्नला दोन्ही सारखेच प्राचीन, सारखेच सुंदर वाटले. चेंबरलेनने पुढे त्याच्याविषयी म्हटले की तपशील त्याला फार स्पष्ट दिसत, पण त्यांचा एकत्रित अर्थ दिसत नसे. हे मत कठोर आहे आणि सर्वत्र खरे नाही. तीन नोव्हेंबरच्या बाबतीत मात्र ते खरे आहे.

यात हर्नचा शंभर येनांचा पगारही विसरता येत नाही. तो प्रांत सरकारचा नोकर होता. पगारासाठी तो खोटे बोलला, असे मी म्हणत नाही; तसला माणूस तो नव्हता. पण ज्या शाळेने त्याला नावे दिली, घरे उघडून दिली, त्याच शाळेचा तो समारंभ होता. ज्या प्रेमामुळे त्याला सेत्सुबुन समजला, त्याच प्रेमामुळे तेंचोसेत्सु त्याने तपासून पाहिला नाही. घरच्या माणसाने वाढलेल्या पानाचे आपण माप काढत नाही, तसेच.

रात्री पाहिलेली शाळा

डायरीचा शेवट सणांनी होत नाही, मृत्यूंनी होतो. १८९१ च्या शरद ऋतूत शिदा आणि योकोगी ही दोन मुले गेली. योकोगी सुताराचा मुलगा. घरची ऐपत नव्हती, पण हुशारी पाहून एका श्रीमंत गृहस्थाने त्याच्या शिक्षणाचा भार घेतला होता. अखेरच्या आजारात त्याने हट्ट धरला की मला एकदा शाळा पाहायची आहे. एका वृद्ध सेवकाने रात्री त्याला पाठीवर घेतले आणि अंधारातल्या शाळेसमोर नेले. मुलाने वर्गाची खिडकी पाहिली, समाधान झाल्याचे सांगितले आणि घरी आला. थोड्याच दिवसांत तो गेला.

हर्नने हा प्रसंग फुलवलेला नाही. 'बोन-ओदोरी'चा लेखक इथे चंद्र आणू शकला असता, ढोल आणू शकला असता. त्याने फक्त घडले ते लिहिले. माझ्या मते संपूर्ण पुस्तकात मृतांविषयी याहून मोठे पान नाही. आणि ते लिहायला नाच पाहावा लागला नाही, हजेरी घ्यावी लागली.

त्या नोव्हेंबरातच हर्नने मात्सुए सोडले. थंडी त्याला सोसेना, आणि कुमामोतोच्या सरकारी विद्यालयात पगार जास्त होता. निरोपाचे वर्णन 'सायोनारा' या शेवटच्या प्रकरणात आहे. १८९४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी जपान-चीन युद्ध पेटले.

आणि इथे आपल्या विषयाचा शेवटचा धागा आहे. १८९५ च्या 'आउट ऑफ द ईस्ट' या त्याच्या पुस्तकात, जे त्याने निशिदाला इझुमोच्या दिवसांची आठवण म्हणून अर्पण केले आहे, 'अ विश फुलफिल्ड' नावाचा एक लेख आहे. मात्सुएचा एक जुना विद्यार्थी, आता सैनिक, कोरियाला निघण्याआधी आपल्या मास्तरांना भेटायला कुमामोतोच्या घरी येतो. दोघे जेवतात, मरणाविषयी आणि मेल्यावर काय उरते याविषयी बोलतात. पितरांना आठवण हवी असते, दिवा हवा असतो, हे मुलगा सहज सांगून जातो. तो परत येत नाही. लेखाच्या अखेरीस त्याचे छायाचित्र हर्नच्या घरातल्या कोनाड्यात आहे आणि त्याच्यापुढे एक इवला दिवा लागला आहे.

१८९० च्या त्या पौर्णिमेला हर्न दुसऱ्यांच्या पितरांचा नाच पाहत उभा होता. पाच वर्षांच्या आत बोन त्याच्या स्वतःच्या घरात आला. परक्या गावाच्या सणात सामील होणे म्हणतात ते हे असावे : तिथे आपलेही कोणी मेलेले असणे. 'बोन-ओदोरी'त तो ज्या उत्तरासाठी मानवजातीपर्यंत गेला, ते या लेखात एका मुलाच्या नावाशी येऊन थांबते.

पण तो दिवा पाहताना तीन नोव्हेंबरचे उत्तरही आठवल्याशिवाय राहत नाही. मागितले तर रक्त दे, असे मास्तरांनी त्या शाळेत एका मुलाला सांगितले होते. त्याच शाळेच्या दुसऱ्या मुलाकडे ते मागितले गेले आणि त्याने दिले. हर्नने हे दोन प्रसंग कुठेही शेजारी ठेवलेले नाहीत. १८९६ च्या 'कोकोरो'त युद्धानंतरचे वर्णन करताना मेलेले जपानी सैनिक घरी परतात, या श्रद्धेपाशी तो पुन्हा जातो आणि पुन्हा भारावतो. त्याला ही सांगड दिसली नाही की दिसूनही लिहवली नाही, याचा निवाडा मी करू इच्छित नाही. वाचकाने मात्र ती दोन्ही पाने एकदा लागोपाठ वाचावीत.

हर्न १८९६ मध्ये जपानी नागरिक झाला, कोइझुमी याकुमो हे नाव घेतले, टोकियो विद्यापीठात शिकवले आणि २६ सप्टेंबर १९०४ रोजी वारला. मात्सुएतले त्याचे भाड्याचे घर किल्ल्याच्या खंदकाकाठी आजही जपलेले आहे. तिथे जाणारे बहुतेक लोक भुताखेतांच्या गोष्टींचा लेखक म्हणून जातात.

आपल्या घरांतूनही आता पुष्कळ मुले-मुली परदेशात शिकवायला जातात आणि तिथल्या उत्सवांचे फोटो पाठवतात. त्यांनी ते पाहू नयेत, मजा करू नये, असे कोण म्हणेल? हर्ननेही आधी मजाच केली. माझी भाची गेल्या वर्षी परत आली. येताना तो कागदी कंदील घेऊन आली. घडी घालून, पुस्तकात दाबून. ज्या आजीने तो दिला होता ती मधल्या काळात गेली. या दिवाळीत आमच्या आकाशकंदिलाशेजारी तो टांगावा का, असे तिने मला विचारले. मी म्हटले, तुझ्या त्या मुलीला आधी विचार. तिचे उत्तर यायचे आहे.